किटलीवाली राजदूत

डर्ट बाइक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उंच उचललेलं मडगार्ड, जाड गुटल्यांचे टायर, नियॉन रंगाची जर्सी घातलेला कुणीतरी आणि मातीच्या टेकाडावरून हवेत झेपावलेली गाडी... बरोबर? आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्येही अशा दोन-तीन बाइक असतातच. एखादी हिमालयन, एखादी एक्सपल्स. मालकाच्या अंगात लडाखचा टी-शर्ट, आणि गाडीने आयुष्यात पाहिलेला सगळ्यात खडतर डर्ट म्हणजे मेट्रोच्या कामाच्या दिवसांतला हिंजवडीचा रस्ता. (तो कमी खडतर नव्हता, हे मान्य!)

आता जरा बारामती-इंदापूरकडे चला. तिथे साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, की तुमच्या काळात भर पावसात, काळ्या रानातल्या चिखलातून, बांधावरून आणि कालव्याच्या कडेने रोज पहाटे कोणती गाडी जायची? उत्तर एकच येणार. राजदूत! मागे दोन्ही बाजूंना लोखंडी हूक, हुकांना लटकलेले दुधाचे कॅन, कॅनवर ओलं पोतं आणि टाकीवर छातीशी धरलेली एक जादा किटली. जर्सी वगैरे काही नाही. असलीच तर जर्सी गाय.

आमच्या मामांची अशी एक राजदूत होती. होती म्हणजे, आहे. १९७४ची. पळसदेवजवळच्या वस्तीवर, गोठ्याच्या कोपऱ्यात ती पंचवीसेक वर्षं उभी होती. अंगावर कडब्याच्या पेंढ्या, आणि सीटच्या खड्ड्यात कोंबड्यांची अंडी घालायची हक्काची जागा. दोन वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याने ती किलोच्या भावाने मागितली. नेमकं त्याच आठवड्यात पुण्याचे एक हौशी संग्राहक बऱ्यापैकी रक्कम घेऊन आले. मामांनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं आणि मला फोन केला, ‘‘अगं, ती चालू व्हईल का?’’

मला का? तर माझ्याकडे सेकंडहँड येझदी आहे आणि तिच्या पायी मी पुण्यातल्या नाना पेठेत इतके शनिवार घालवलेत, की मामांच्या लेखी मी जवळजवळ इंजिनीअर आहे!

राजदूतबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्या वाट्याला कौतुक कमीच आलं. जावा आणि येझदीला क्लब आहेत, जुलैच्या दुसऱ्या रविवारी त्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला तरी २०१८मध्ये जावा नव्या रूपात परत आली, २०२२मध्ये येझदी आली आणि तिच्यात एक ‘स्क्रॅम्बलर’ही होती. राजदूतचं असं पुनरागमन झालेलं नाही. तिची बहीण जीटीएस तेवढी भाव खाऊन गेली, कारण १९७३च्या ‘बॉबी’मध्ये ऋषी कपूर आणि डिंपल तिच्यावर बसले. थोरली १७५ मात्र कायम दूधवाल्याची गाडी राहिली. ती बनवायची एस्कॉर्ट्स, म्हणजे ट्रॅक्टरवाली कंपनी. मूळ डिझाइन पोलंडचं, एसएचएल नावाच्या मोटरसायकलचं. जिथे अर्धं वर्ष बर्फ आणि चिखल, तिथली गाडी. इंदापूरचा पावसाळा तिला परका वाटला नसणार.

तिच्यातली खरी गंमत पुढच्या चाकात आहे. आपल्या आजच्या गाड्यांना पुढे दोन नळ्यांचा फोर्क असतो. करकचून ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते. राजदूतचं पुढचं चाक मागच्या चाकासारखंच एका झुलत्या आर्मवर बसवलेलं असतं. आर्मची बिजागरी चाकाच्या मागे, आणि दोन्ही बाजूंना छोटे शॉकअप. ब्रेक मारला की नाक खाली जायच्याऐवजी किंचित वर उचलतं! पहिल्यांदा चालवणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. पण ऐंशी लिटर दूध मागे लटकलंय, समोर अचानक चारी आली आणि तुम्ही ब्रेक मारलात, तर दूध हिंदकळून अंगावर येऊ नये यासाठी यापेक्षा चांगली सोय शोधून सापडायची नाही.

आणि दूध थांबत नसतं. १९६७मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ सुरू केली, संकरित गाई वस्त्यावस्त्यांवर पोचल्या आणि जिथे घरापुरतं तांब्याभर दूध निघायचं तिथे कॅन भरायला लागले. ते फाटायच्या आत डेअरीत पोचायला हवं. बैलगाडीला वेळ लागतो, सायकलला ओझं झेपत नाही आणि वस्तीपर्यंत टेम्पो येईल असा रस्ता नाही. या तिन्हींच्या मधली जागा राजदूतने घेतली.

मामा रोज पहाटे भिगवणला दूध घालायचे. आणि त्यांची पहिली वाट आता अस्तित्वातच नाही. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं, जुनं पळसदेव पाण्यात गेलं, माणसं वर येऊन राहिली. राजदूत त्याच्या आधीची. उन्हाळ्यात बॅकवॉटर उतरलं की जुनं देऊळ वर येतं, पुण्याहून फोटोवाले जमतात. मामाही जातात. फोटोवाले शिखराकडे बघत असतात आणि मामा देवळाच्या बाजूच्या गाळाकडे बोट करून सांगतात, ‘‘हितनं डावीकडं वळायचं. वळणावर निसरडं असायचं, दुसऱ्या गिअरातच ठिवायची.’’

तर ती चालू व्हायला हवी होती.

छोट्या हत्तीत घालून आम्ही ती बारामतीला नेली. तिथल्या एका मिस्त्रींनी उमेदीच्या काळात शेकड्याने राजदूत उघडल्या आहेत. आता त्यांचा मुलगा स्कूटर दुरुस्त करतो आणि हे खुर्चीत बसून चहा पितात. गाडी उतरवल्याबरोबर त्यांनी पाना मागितला नाही. घासपेपर मागितला. हँडलखालची चेसिस घासली, चिखल आणि तीन थरांचा रंग काढला आणि नंबर दिसल्यावर म्हणाले, ‘‘आरसी बुक कुठं हाय?’’

जुनी गाडी उठवायचा विचार करत असाल तर हे लक्षात ठेवा. इंजिनवर पैसा घालण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळतो का, ते बघा. बाजारात जुनी केसिंग मिळतात. कुणीतरी मध्येच कधीतरी दुसऱ्या गाडीची केसिंग बसवलेली असते, आणि मग तुमचं इंजिन कागदावर दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. गाडी घड्याळासारखी चालली तरी उपयोग शून्य! मामांचं कापडी बांधणीचं पुस्तक मामींनी देवघरातल्या पोथीत जपून ठेवलं होतं. दोन्ही नंबर जुळले.

मग इंजिन. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. त्यात डिझेल ओतून चार दिवस ठेवलं आणि पाचव्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्याने हलक्या हाताने ठोकून सोडवलं. बोअर करून घेतला, वरच्या साइजचा पिस्टन आणि रिंगा टाकल्या. हे सगळं मला माहीत होतं. नवं शिकले ते ऑइल सीलबद्दल. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँकच्या पोकळीत येते, तिथे दाबली जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे खालची पोकळी हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात आणि पंचवीस वर्षं उभ्या गाडीत ते वाळून पापडासारखे होतात. सील गळलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पेट्रोलबरोबर येणारं ऑइल कमी पडतं आणि पिस्टन तापून परत जाम! दीडशे-दोनशे रुपयांच्या रबरी चकत्यांपायी नवा बोअर फुकट. म्हणून मिस्त्री म्हणाले, ‘‘गाडी चालू झाली म्हणून नाचायचं न्हाई. सील बदलल्याबिगर किक मारायचीच न्हाई.’’

सायलेन्सर काढून भट्टीत तापवला, आतला कार्बन जाळून झटकला. प्लॅटिनम पॉइंट घासून गॅप लावला. स्पोक आणि रिमा नाना पेठेत मिळाल्या, कार्बोरेटरचा फ्लोट एका रविवारी जुन्या बाजारात. काही वस्तू दिल्लीच्या करोल बागेतून मागवल्या.

पुढच्या आर्मचे बुश मात्र कुठेच मिळेनात. आणि ते झिजलेले असतील तर ती सगळी पोलिश करामत वाया जाते, पुढचं चाक दारूड्यासारखं डुलतं. शेवटी मामांनीच उपाय काढला. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे. तिथल्या कारखान्यात साखरेच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या मोटरकेसिंगपर्यंत कामं झाली आहेत, आणि तिथून रिटायर झालेले टर्नर-फिटर आसपासच्या गावांत भेटतात. त्यातल्या एकांनी घराशेजारच्या छोट्या लेथवर गनमेटलचे बुश करून दिले. मापं घेताना व्हर्नियर तीनदा लावला. मी म्हटलं, ‘‘काका, मोटरसायकलच आहे.’’ ते म्हणाले, ‘‘म्हणून काय झालं?’’

पेट्रोलचा किस्सा तर मला फारच आवडला. आपल्या पंपांवरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. आणि इथेनॉल येतं कुठून? बऱ्याच अंशी उसातून. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी... या पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे ऊस आणि कारखाना. म्हणजे ज्या उसाच्या कडेने राजदूत पळाली, तोच ऊस आता तिच्या टाकीत! पण तिला तो पचत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पत्र्याची टाकी आतून गंजते, जुन्या रबराच्या नळ्या आणि कॉकचे वॉशर फुगतात. शिवाय त्यात प्राणवायू असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं. इलाज असा : नळ्या आणि वॉशर नव्या प्रकारच्या रबराचे, जेट एक नंबर मोठा, आणि गाडी उभी करायची असेल तर टाकी रिकामी. पेट्रोलमध्ये लिटरमागे चाळीस मिली टू-टी ऑइल. पूर्वी पंपावर ते हाताने मारायचं वेगळं यंत्र असायचं, आता बाटली जवळ ठेवायची.

चौथ्या महिन्यात ती चालू झाली. धूर, ठक-ठक-ठक, आणि वर्कशॉपसमोर जमलेले पाच-सहा आजोबा. प्रत्येकाची एक राजदूत होती आणि प्रत्येकाची सगळ्यात चांगली होती!

गाडी चालू झाली, पण रस्त्यावर यायला आणखी दोन प्रश्न सुटायचे होते.

पहिला मामेभावाचा. तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि त्याचा मोबाइल भरून स्क्रॅम्बलरचे फोटो. हूक कापायचे, मडगार्ड छाटायची, गुटल्यांचे टायर, मॅट काळा रंग. ‘‘ताई, एकदम डर्ट बाइक दिसेल!’’ मला त्याचं म्हणणं पूर्ण चूक वाटलं नाही. गाडी त्याच्याच हातात जाणार आहे, त्याला ती आवडली तरच टिकेल. पण हुकांजवळची चेसिस मी नीट पाहिली होती. वीस-बावीस वर्षं रोज सकाळी कॅन अडकवून तिथे बोटभर खाच पडली आहे. ती कापायची आणि मग बाजारातून डर्टचा देखावा विकत आणायचा? मला हे पटेना. हूक राहिले. रंग मात्र काळा झाला, तेवढी तडजोड.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता, आणि तो बऱ्याच जणांना पडणार आहे. आधी एक गैरसमज काढून टाका. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात काढावीच लागते, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा. महाराष्ट्रात खासगी दुचाकीला वयाची अट नाही. तपासणीत पास झाली तर नोंदणी दर वेळी पाच वर्षांनी वाढवून मिळते.

पण गाडी पन्नाशीची झाली की एक दुसरी वाटही उघडते. जुलै २०२१मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राहिलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं. ऐकायला झकास! मामेभाऊ तर खूशच झाला, व्हिंटेज म्हणजे स्टेटस. पण पुढची ओळ वाचा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, नाहीतर पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

मी हे सगळं मामांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजी भिगवणला चहा प्यायला न्ह्यायची न्हाई?’’

‘‘नाही.’’

‘‘मग गोठ्यात काय वाईट हुती?’’

विषय संपला. साधी नोंदणीच वाढवायची ठरली. व्हिंटेजचा नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एखाद्याकडे आजोबांची १९४०ची गाडी असेल, ती वर्षातून दोनदा रॅलीत जाणार असेल, तर त्याला हा नियम सोयीचाच. पण राजदूतसारखी गाडी मूळ रूपात ठेवा आणि तिचं काम तेवढं काढून घ्या, यात मला काही मजा वाटत नाही. आणि तसं बघितलं तर तिचं मूळ रूप कोणतं? कारखान्यातून आली तेव्हाचं, की हूक लागल्यानंतरचं?

साधी वाट मात्र स्वस्तही नाही आणि झटपटही नाही. दुचाकीचं नूतनीकरण २०२२च्या एप्रिलपासून १,००० रुपये झालं, आणि २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटरसायकलला २,०००. उशीर झाला असेल तर महिन्याला ३०० रुपये वेगळे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, थर्ड पार्टी विमा वेगळा. आरसी बुक हाताने लिहिलेलं, तीन अक्षरी नंबरचं, पुण्याला नोंदवलेलं. ते आधी संगणकावर चढवायचं, मग बारामतीच्या एमएच-४२ला अर्ज. फॉर्म २५, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप, तपासणी. मालक हयात नसतील तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा, पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६. आमचं यातलं काही नव्हतं, मामा ठणठणीत आणि पुस्तक पोथीत. आणि हो, हे सगळं होईपर्यंत गाडी शेतातच चालवायची. मुदत संपलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, ‘गावाकडे कोण विचारतंय’ हा युक्तिवाद अपघात होईपर्यंतच चालतो.

पीयूसीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. एवढा धूर! पण नियम गाडीच्या काळाप्रमाणे असतो. २०००च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतात. नवी रिंग, साफ सायलेन्सर आणि योग्य मापाचं ऑइल यांच्या जोरावर ती पास झाली. हाताने रंगवलेली नंबरप्लेट उतरवून एचएसआरपी लावावी लागली. जुनी प्लेट मामांनी गोठ्याच्या दारावर ठोकली आहे.

कागद हातात आले त्या दिवशी मामा बारामतीहून निघाले. डोक्यावर नवं हेल्मेट (त्यावरून झालेलं भांडण सांगत नाही), मागे मी कारमध्ये. ताशी चाळीसच्या पुढे जायचं नाही अशी मिस्त्रींची ताकीद, नवा बोअर आहे. भिगवणला पोचलो तर मामा टपरीसमोर थांबलेले. गाडी स्टँडवर, आणि धोतर नेसलेले एक गृहस्थ तिच्याभोवती फिरून हूक चाचपून बघत होते.

‘‘दूध कुठं घालता?’’ त्यांनी मामांना विचारलं.

मामा चहाचा ग्लास ठेवून म्हणाले, ‘‘तुमची डेअरी काय दर देती?’’

मग फॅट, डिग्री, पेंडीचे भाव, दहा दिवसांचं बिल... अर्धा तास गेला. अंधार पडायला लागला आणि सहा व्होल्टचा दिवा म्हणजे काजवा. पळसदेवपर्यंत मी कारचे हेडलाइट लावून त्यांच्या मागून गेले.